ब्रेक आणि चहाचा ग्लास

शहापूरहून किन्हवलीकडे निघालं की डाव्या हाताला त्याचं गॅरेज. नाव मी कधी विचारलं नाही. सगळे त्याला मिस्त्रीच म्हणत. गाडीखाली शिरला की त्याच्या गळ्याला सूर लागायचा. "मारा, मारा, मारा... आता धरा!" मी ब्रेक दाबून धरायचो आणि खाली नळीतून बुडबुड हवा सुटायची. "अजून सोडू नका हां!" मी हमखास सोडायचो. मग पुन्हा पहिल्यापासून.

त्या दिवशी आमच्या म्हाताऱ्या गाडीचा ब्रेक दाबला, की पाय चिखलात रुतावा तसा खाली जात होता. हवा काढल्यावर ब्रेक टणक झाला. मग मिस्त्रीची नेहमीची परीक्षा: गाडी थेट त्याच्या पाठीशी आणून थांबवायची. काठोकाठ भरलेला चहाचा ग्लास घेऊन तो रस्त्यात आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. शेजारच्या चहाच्या टपरीवरच्यांनी बाकडी आमच्याकडे वळवली.

"या!"

मी निघालो आणि बराच अलीकडे थांबलो.

"मी इथं उभा हाय," तो पाठमोराच ओरडला, "तुमी काय वाशिंदलाच थांबता? इश्वास नाय का?"

दुसऱ्यांदा मी आणखीच लांब थांबलो. टपरी खदखदून हसली. शेजारी बसलेली बायको म्हणाली, "उतरा बघू." मी उतरलो आणि ती स्टिअरिंगवर बसली. गाडी सुसाट गेली. मी डोळे गच्च मिटले. उघडले, तर बंपर त्याच्या पॅन्टला जेमतेम टेकला होता.

तो वळलाही नाही. फुर्रकन चहाचा घोट घेऊन म्हणाला, "आता झाला ब्रेक, वैनी."