मोतीबिंदूने निवडलेलं पोलकं

बायांनो, बोलत्येय मी, टाइप करत्येय माझी नात मेघा. उद्या तिचा साखरपुडा आणि पोलक्याचा घोळ झालाय.

सावळ्या रंगावर डाळिंबी साडी आणि गडद हिरवं पोलकं खुलेल म्हणून गेल्या महिन्यात मीच हट्टाने कापड निवडलं. आज मोतीबिंदूच्या ऑपरेशनची पट्टी सुटली. बघते तर पोलकं झगझगीत पोपटी!

"तेव्हाच का नाही भांडलीस गो?"

"तू किती खूश होतीस, आजी."

शिंपी राजापूरला लग्नाला गेलाय. घरात एक सोनेरी पोलकं आहे आणि एक माझं मोरपिशी, ज्यात मेघासारख्या दोघी मावतील.

डाळिंबीवर सोनेरी चालेल? लवकर सांगा. ही म्हणते, पोपटीच घालणार. अडवा गो तिला, आता मला सगळं लख्ख दिसतंय!