इंद्रभानांची कुस्तीची वही

डोणगावचे इंद्रभान नाटकात कधी नायक झाले नाहीत. जत्रांत खेळ करणाऱ्या कंपनीत वीस वर्षं त्यांनी मुनीम, फौजदार, लबाड मामा आणि सगळ्यांत जास्त वेळा खबऱ्या रंगवला. ते रंगमंचावर आले की बाया कुजबुजायच्या, "आला मेला." जीव मात्र कुस्तीत. वऱ्हाडातल्या कुस्त्यांच्या जुन्या दंगलींचा इतिहास ते लिहीत होते.

पासष्टच्या लढाईच्या दिवसांत ते बीबी गावाला उतरले. तिथल्या कडूबा पैलवानाला तीस वर्षांपूर्वी हिंमतराव नावाच्या नवख्यानं दोन मिनिटांत चीत केलं होतं. कडूबानं कुस्ती विकली, अशी बोलवा अजून होती.

बाजारात इंद्रभानांनी कडूबाचं घर विचारलं, वहीत काही टिपलं, तशी माणसं भोवती जमली.

"काय लिहून राह्यले?"

"याले मी पाह्यलं हाय. हा खबऱ्या हाय."

"नाटकातला," इंद्रभान म्हणाले.

"तिथंबी असाच गोड बोले."

त्यांना चावडीवर नेलं. पोलीस पाटलानं वही उघडली. ढाक, कलाजंग, धोबीपछाड. शेजारी हातापायांच्या आकृत्या. "ह्या खुणा कशाच्या?" शेवटी कडूबालाच बोलावलं. त्यानं आकृत्या निरखून पाहिल्या.

"डाव खरे हायेत. मानसाचं मले मालूम नाही. हिंमतरावनं धाडलं असन."

सुटका झाल्यावर इंद्रभान तरीही त्याच्या घरी गेले. कडूबाच्या बायकोनं, गोजरबाईनं, पाणी दिलं. कडूबा तांब्या, विडी, सगळं डाव्या हातानं उचलत होता.

"उजवा खांदा कधी गेला?" इंद्रभानांनी विचारलं.

"कोनं सांगितलं तुमाले?"

"कोणी नाही. सोंगं करतो, त्यामुळे माणसांचे हात पाहायची सवय आहे."

"सांगून टाका आता," गोजरबाई म्हणाली.

कुस्तीच्या दोन दिवस आधी कडूबा विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरला होता. शब्द दिलेला, म्हणून तसाच उतरला.

"मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

"हरल्यावर कोनी खरं मानलं असतं?"

इंद्रभानांनाही पुरतं खरं वाटलं नाही. सुलतानपूरला जाऊन त्यांनी कडूबाचा खांदा बसवणाऱ्या म्हाताऱ्या वैदूला गाठलं. खांदा त्याला आठवत होता. कुस्तीच्या आधी बसवला की नंतर, ते आठवत नव्हतं.

दोन वर्षांनी पुस्तक छापून आलं. कडूबानं ते शाळेच्या मास्तरांकडून वाचून घेतलं. 'कडूबांचा खांदा आधीच निखळला होता, असे ते सांगतात.' तिथं त्यानं मास्तरांना थांबवलं.

"'सांगतात' म्हंजे, यानंबी मानलं नाही."

हे बोलणं इंद्रभानांपर्यंत पोचलं. पुरावा नव्हताच. मग उरलेल्या प्रतींत त्या वाक्याचे शेवटचे तीन शब्द त्यांनी शाईनं खोडले आणि एक प्रत स्वतः बीबीला नेऊन दिली.

कडूबानं खोडलेल्या जागेवर बोट फिरवलं, पान उजेडात धरलं.

"इथं काय होतं ते मले ठाऊक हाय," तो म्हणाला. "पन आता काऊन खोडलं? कोन भेटलं तुमाले?"

"कोणीच नाही," इंद्रभान म्हणाले.

कडूबानं त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. मग त्यानं गोजरबाईला चहा ठेवायला सांगितलं.