बिनवासाची पावडर

आमच्या रायगडात माणसं नाकाने बाजार करतात. सुकट घ्यायची तर मूठभर उचलून नाकाशी धरायची, सोडे घ्यायचे तरी तेच. मीही तशीच वाढले, त्यामुळे नाकाबद्दल माझी तक्रार नाही. पण तेच सुकटीचं नाक घेऊन कोणी माझ्या पावडरीत डोकावलं की माझं डोकं फिरायचं.

ही पावडर कोंबड्यांच्या खाद्यात मिसळायची. अलिबागजवळच्या एका लहानशा कारखान्यात मी ती बनवायचे. ओव्याचं, लवंगेचं तेल कोंबडीच्या आतड्याला चांगलं. हगवणीला आळा बसतो, औषधं कमी लागतात. पण तेल म्हणजे उडून जाणारी वस्तू. नुसतं खाद्यात ओतलं तर अर्धं शेडच्या उकाड्यातच उडतं, आणि उरलेलं आतड्यापर्यंत पोचायच्या आत संपतं. म्हणून आम्ही ते स्टार्चच्या पाण्यात घुसळायचो, गरम हवेत फवारून त्याची पावडर करायचो आणि शेवटी तिच्यावर वितळलेल्या वनस्पती तुपाचा थर चढवायचो. थेंब न थेंब बंद. तो उघडायचा आतड्यात गेल्यावरच. काम नीट झालं असेल तर गोणीत नाक खुपसलं तरी वास येत नाही. वास आला तर समजावं, कुठेतरी गळतंय.

एवढी साधी गोष्ट. पण आमचे मालक म्हणजे दिव्य प्रकरण! आधी टाइल्स विकायचे. तिथे कोणी विचारेनासं झालं, तेव्हा त्यांचा 'नैसर्गिक' या शब्दावर जीव जडला. केबिनमध्ये कोंबडीचा हा मोठा फोटो लावलेला, पण या माणसाने ताटाबाहेर कोंबडी कधी जवळून पाहिली असेल तर शपथ. कोटाला सेंट मारून ड्रायरच्या खोलीत यायचे आणि मला शहाणपण शिकवायचे.

एकदा त्यांनी आसपासच्या तालुक्यांतले दुकानदार जेवायला बोलावले. जेवण झाल्यावर गोणी उघडली. एकेकाने चिमूट घेतली, हुंगली, एकमेकांकडे बघितलं. एकजण तोंड वाकडं करून म्हणाला, "साहेब, ह्यो तं मैदा हाय." बाकीचे फिदीफिदी हसले. मालकांचा चेहरा असा काही पडला की मला आतून गुदगुल्या झाल्या. खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्यासमोर उभे. "मॅडम, ते वरचं कोटिंग बंद करा. लोकांना घमघमाट पाहिजे."

"साहेब, घमघमाट म्हणजे तेल बाहेर चाललंय."

"अहो, बाहेर चाललंय म्हणूनच कळतंय ना, आत होतं!"

यावर काय बोलणार, कपाळ? तरी मी बोलले. पालथ्या घड्यावर पाणी पडावं तसं त्यांनी ऐकलं आणि शेवटी म्हणाले, "कोंबडी गोणी विकत घेते का?" या वाक्यावर ते इतके खूष झाले की दिवसभर ऑफिसात येईल त्याला ऐकवत होते.

तुपाचा थर बंद झाला आणि विक्री धो धो वाढली. गोदामात शिरलं की डोळ्यांना पाणी यायचं. टेम्पोवाला म्हणायचा, "मॅडम, माझी सर्दी गेली बघा." त्याची जाणारच! तेल सगळं त्याच्या नाकात, दुकानदाराच्या नाकात आणि मालकांच्या कोटाला. कोंबडीच्या पोटात फक्त स्टार्च. पण तक्रार एकाचीही नाही. कोंबड्या मेल्या तर हवामानाला शिव्या देतील, पण गोणी हुंगून समाधानी! अशा लोकांसमोर हात टेकावेत.

माझा धाकटा भाऊ म्हसळ्याच्या आतल्या आमच्या गावात कोंबड्या पाळायचा. आधी उरणला कंटेनर चालवायचा. घरी महिन्यातून कधीतरी उगवायचा, पोरांना तो पाहुण्यासारखा वाटायचा. ते सोडून त्याने शेड बांधली. अलिबागच्या एका हॉटेलला औषधं न देता वाढवलेल्या कोंबड्या हव्या होत्या. त्यांनी सांगितलं होतं, ही खेप चांगली निघाली तर कायमची तुझ्याकडून घेऊ. नाही निघाली तर त्याला पुन्हा स्टिअरिंग. भावजयीने तर देवाला नारळ बोलून ठेवला होता.

मी मालकांना तोंडावर सांगितलं, "माझ्या भावाचा माल मी थर चढवूनच देणार." ते हसले. "द्या. परत आला तर मला सांगू नका." मी स्वतः उभी राहून तो माल काढला, स्वतः हुंगला. काडीचा वास नाही. टेम्पोने गावी पाठवला आणि भावाला फोन केला, "याला वास येणार नाही. वास नाही म्हणजेच माल खरा. नीट खाद्यात मिसळ." तो म्हणाला, "व्हय ताई, व्हय."

कोंबड्या विक्रीला येत आल्या तशी मी गावी गेले. रस्त्यावरूनच ओव्याचा घमघमाट आला आणि मी घरात न जाता थेट शेडकडे वळले. शेडमध्ये कोंबड्या पंख पाडून बसलेल्या, खाली अंथरलेलं भाताचं तूस ओलंचिंब, हगवणीने. हॉटेलचा माणूस सकाळी येऊन दारातूनच परत गेला होता. मला बघून भावजय सरळ आत निघून गेली.

"या गोण्या कुठल्या?" मी ओरडलेच.

"बाजारातनं बदलून आणल्या," भाऊ म्हणाला. "तुझ्यावाल्यांना वासच न्हवता. दुकानदार बोलला, ह्याच कंपनीचा हा वासाचा ने, सगळे हाच नेतात. त्याने लगेच बदलून दिल्या."

"अरे मूर्खा, मी फोनवर सांगितलं होतं ना तुला? ओरडून सांगितलं होतं!"

"सांगितलंस की," तो म्हणाला. "पण ताई, तू त्यांची पगारी. मला वाटलं, मालकाने पढवलंय तेच बोलतेस."

त्याच्या आवाजात राग नव्हता. उलट मलाच सांभाळून घेत होता तो. "नोकरी हाय, तुला तरी दुसरं काय बोलता येणार?" असं म्हणून त्याने मला बसायला खुर्ची आणून दिली.