पायरीचा दगड

आमचे मालक एका दगडी बंगल्यावर वॉचमन होते. बंगला संस्थानी काळातला, पन्हाळ्याच्या वाटेला शेतात एकटाच उभा. दारात सरकारी फलक होता : संरक्षित वास्तू, हानी करणाऱ्यास शिक्षा होईल. मी चौथी पास. तो फलक मीच मालकांना वाचून दाखवला होता. आम्ही मागं तबेल्याच्या खोलीत राहायचो. दुसरं घर आम्हाला कुठंच नव्हतं.

एका पावसाळ्यात मागच्या पायरीचा दगड निसटला. काळा, सपाट, दीड हात लांब. महिनाभर चिखलात पडून होता, कुणी विचारलं नाही. माझा पाटा मधोमध चिरला होता. मालक बाजाराला गेल्यावर मी तो दगड ओढत चुलीपाशी आणला. वर वळणदार रेघा कोरलेल्या होत्या. मला नक्षी वाटली.

पाट्याला टाकी लावणारी वडारीण दारावर आली.

"दगुड लई भारी हाय की अक्का. ही नक्षी ठिवू?"

"नगं. वाटण अडकतंय त्यात."

तिनं घाव घालून सगळा दगड खरबरीत करून दिला. जेवताना मालक म्हणाले, "आज चटणीला चव हाय." दगड कुठला ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

दिवाळीच्या तोंडावर पुरातत्त्व खात्याचे साहेब जुना फोटो घेऊन आले. त्या रेघा म्हणजे मोडी अक्षरं होती. बंगला बांधणाऱ्या गवंड्यांची नावं. दुसरीकडं ती कुठंच लिहिलेली नव्हती. साहेबांना पाटा सापडला तेव्हा त्यावर ओली मिरची होती.

"हे कुणी केलं?"

परक्या माणसासमोर माझं तोंड उघडत नाही. मी पदर धरून उभी राहिले. मालकांनी एकदा माझ्याकडं पाहिलं.

"म्या केलं, सायेब. तिला काय ठावं न्हाय."

साहेबांनी पोलिसांत दिलं नाही, पण मालकांची नोकरी गेली. आठ दिवसांत खोली सोडली. मालक शिरोलीला फौंड्रीत लागले. तिथल्या साच्यांच्या वाळूची धूळ छातीत बसली. खोकता खोकता एकदा मला म्हणाले, "तू बोलली असतीस तरी भाईरच गेलो असतो की." आणि हसले. दोन वर्षांनी ते गेले.

त्यानंतर एकदा एका लग्नाला जाताना मी बंगल्यापाशी उतरले. दगड पायरीत परत बसवला होता. टाकीचे घाव तसेच. खाली बसून मी बोटांनी चाचपत राहिले.

"ओ मावशी, दगडाला हात लावू नगा," नवा वॉचमन म्हणाला. "कुणी नासवलाय बघा."

मी हात काढून घेतला. तेव्हाही मला बोलता आलं नाही.