मुक्काम कुणाकडे?

आमच्या खोलीत किस्से शोधावे लागत नाहीत. दर शनिवारी ते लहान मुलांच्या पिशव्यांबरोबर आपोआप येतात. मी नगरला कोर्टात समुपदेशक आहे. नवरा-बायको वेगळे झाले, की लेकरानं रात्री कुणाकडे राहायचं हे आमच्यापुढे ठरतं. आम्ही त्याला सरळ 'मुक्काम' म्हणतो. एकमेकांच्या दारात जायचं नसतं म्हणून काही जण मुलं आमच्याच खोलीत देतात-घेतात. मी आणि आमचे कारकून शेलारभाऊ चहा घेताना हे किस्से आठवतो. घरी सांगवत नाहीत.

*

केडगावचे एक इंजिनिअर. तीन वर्षांच्या मुलीचा पहिला मुक्काम त्यांच्याकडे होता. आईनं दोन पानी यादी दिली: दूध कोणत्या कपात, कोणता दिवा चालू ठेवायचा, कोणत्या कुशीवर झोपवायचं. त्यांनी सगळी वाचली आणि माझ्याकडे पेन मागितलं. मला वाटलं, झालं, आता भांडण.

त्यांनी खाली एक ओळ वाढवली. 'झोपेत लाथा मारते.'

"हे तुम्हाला माहितीये?" बाईंनी विचारलं.

"दोन वर्षं बरगडीत खाल्ल्यात."

*

श्रीरामपूरचं एक जोडपं, दोघंही शिक्षक. बाकी सगळं अर्ध्या तासात मिटलं, पण गोधडीवर तीन तारखा गेल्या. गोधडी शिवलेली वडिलांच्या आईनं, राहिलेली आईच्या घरी, आणि तिच्याशिवाय मुलगा झोपत नव्हता. दुसरी तशीच शिवून पाहिली, तर त्यानं हुंगली आणि फेकून दिली. शेवटी वकिलांनी तडजोडीच्या कागदात लिहून घेतलं, 'सदर गोधडी मुलासोबत ये-जा करील.'

टाइप करता करता शेलारभाऊंनी सहज विचारलं, "आणि धुवायची कुणी?"

आणखी एक तारीख गेली. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की धुतली तर तिचा वास जाईल. आता ती कुणीच धूत नाही.

*

पुणतांब्याच्या एका शेतकऱ्याला मी विचारलं होतं, मुलगी राहायला आली की तिचं सगळं करणार कोण? तो म्हणाला, "आई हाय की." मी म्हटलं, मुक्काम तुमचा आहे, आजीचा नाही.

महिन्याभरानं मुलीची आई भेटली. एसटी स्टँडवर त्यानं मुलगी आणून सोडली, तर वेण्या त्यानंच घातलेल्या, एक कानाच्या वर, एक खाली. "सोडायला हात गेल्ता मॅडम," ती म्हणाली, "पन न्हाई सोडल्या." दुसऱ्या दिवशी मुलगी त्याच वेण्यांवर शाळेत गेली.

*

सगळेच असे नसतात. एका मुलीचे वडील सलग तीन शनिवार आलेच नाहीत. पिशवी मांडीवर घेऊन ती आमच्या बाकावर पाच वाजेपर्यंत बसायची. शेलारभाऊ तिला कोऱ्या कागदावर शिक्के मारायला द्यायचे. चौथ्या शनिवारी आईनं पिशवी भरलीच नाही. नुसती हजेरी लावू, म्हणाली.

उकाडा होता म्हणून मी मुलीच्या फ्रॉकचं वरचं बटण सोडलं. आत तिनं रात्रीचे कपडे घातले होते.

वडील त्याही दिवशी आले नाहीत.

*

आणि ती राहात्याकडची पाच वर्षांची पोरगी. मुक्काम आपल्याचकडे हवा म्हणून आईवडील दोघंही हटून बसलेले. मुलीशी एकटीशी बोला, असं वरून सांगणं आलं. दोघांना बाहेर बसवलं. शाळेच्या, शेळीच्या, मैत्रिणींच्या गप्पा झाल्या. मुलांना असं थेट विचारू नये, हे मी स्वतः नव्या लोकांना शिकवते. त्या दिवशी थकले होते, विचारून गेले.

"रात्री तुला कुठं झोपायला आवडतं गं? आईकडं, का पप्पांकडं?"

इतकं साधं या बाईला कसं कळत नाही, अशा नजरेनं तिनं माझ्याकडे पाहिलं.

"मदी," ती म्हणाली.