गुलाबी पंप आणि निळा पंप

लग्न होऊन मी या गावात आले, त्याच वर्षी मोठ्या जाऊबाईंनी मला काजूच्या कारखान्यात नेलं. राजापूरच्या वाटेवर एक पत्र्याची शेड होती. आम्हा दोघींचे नवरे मुंबईला, घरात बसून करायचं काय? भट्टीत काजूबिया पडल्या की त्यांचं तेल पेटायचं आणि झोंबरा काळा धूर उठायचा. आम्ही पदर नाकाशी धरायचो. संध्याकाळी पदर काळाकुट्ट झालेला दिसे आणि वाटे, चला, धूर पदरातच अडला.

बऱ्याच वर्षांनी आधी त्यांना आणि मग मला घाटी चढताना धाप लागू लागली. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी दोघींनाही मशीनमध्ये फुंकायला लावलं. म्हणाले, फुप्फुसं धुराने खराब झालीत, आहेत तेवढी सांभाळायची. प्रत्येकीला तोंडाने औषध ओढायचे दोन पंप दिले. निळा, दम लागला की घ्यायचा. गुलाबी मात्र बरं वाटत असलं तरी सकाळ-संध्याकाळ घ्यायचा आणि मग चूळ भरायची.

परतीच्या एस्टीत जाऊबाई म्हणाल्या, "निळा ओढला की छाती मोकळी होते. गुलाबीने काय होतं गो?"

"तो आतून काम करतो, ताई. हळूहळू."

"आतलं मला काय दिसतंय? आणि रोज घेतला तर सवय लागेल. नको गो बाय."

मी पुष्कळ सांगितलं. त्यांनी गुलाबी पंप देवघराच्या फळीवर ठेवला तो ठेवलाच. निळा मात्र कमरेला खोचलेला असे. पाणी भरताना, भाकरी थापताना, पायरीवर बसून त्या तो ओढायच्या आणि पुन्हा कामाला लागायच्या. माझ्यापेक्षा त्याच जास्त काम करायच्या.

एका वर्षी, पेरणीआधी जमीन भाजतात त्या भाजावळीच्या दिवसांत सकाळपासून चहूकडच्या मळ्यांत पाला आणि फांद्यांची कवळं पेटत होती. वारा पडलेला. धूर घराभोवती नुसता साचून राहिला. मी दारंखिडक्या लावून घेतल्या. जाऊबाई माजघरात भिंतीला टेकून बसल्या होत्या, खांदे वर ओढून. निळा पंप ओढत होत्या, थांबत होत्या, पुन्हा ओढत होत्या.

"ह्याने काही होत नाहीसं झालंय गो," त्या म्हणाल्या. एवढं बोलायलाही त्यांना मध्ये थांबावं लागलं. ओठ निळसर दिसत होते.

मी शेजाऱ्यांना हाक मारून रिक्षा आणायला पिटाळलं. तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं.

"तुझा गुलाबी दे."

त्या घटकेला त्याचा काही उपयोग नव्हता, हे मला ठाऊक होतं. तरी मी आणून दिला. त्यांनी अगदी नीट, डॉक्टरांनी शिकवला होता तसा ओढला, श्वास धरायची धडपड केली, आणि माझ्याकडे बघत राहिल्या. आता बरं वाटेल, अशा नजरेने. मला त्यांच्याकडे बघवेना.

रिक्षा आली, पण रत्नागिरीला पोचण्याआधीच वाटेत त्या गेल्या. त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं.

त्यानंतर गावात लोक माझं उदाहरण द्यायला लागले. "ही नेमाने औषध घेते, म्हणून टिकली." खरंच घेते. एकही वेळ चुकवत नाही. पण या वर्षी मला वेणी घालतानासुद्धा हात खाली ठेवून विसावा घ्यावा लागतो. डॉक्टरांना विचारलं, "मी सगळं तुमच्या सांगण्याप्रमाणे करते, मग दम कमी का होत नाही?"

"घेतलं नसतंत तर याहून वाईट झालं असतं," ते म्हणाले. "गेलेलं परत येत नाही, बाई."

मोठे दीर आता मुंबई सोडून कायमचे घरी आलेत. परवा जेवता जेवता त्यांनी विचारलं, "तिला शेवटी फार त्रास झाला का?"

मी नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि ते भात कालवू लागले. ताटं उचलायला मी उठले, तर चौकटीपाशीच मला भिंत धरून उभं राहावं लागलं.