पट्टी कुणी बांधली होती

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. मुलाजवळ नाही, मुलीजवळ नाही, देवासमोर हात जोडतानाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण उद्या सकाळी चहाचा कप देताना तुमच्या तोंडाकडे बघायची वेळ माझ्यावर येणार नाही.

आम्ही पारोळ्याचे. धुळ्याला माझं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठीही काढल्या. मी वाचले. वर्षभरानं उजवा हात सुजायला लागला — आधी बोटं, मग मनगट, मग कोपरापर्यंत. ब्लाउजची एक बाही उसवून मोठी करावी लागली. मी म्हटलं, उतरेल. उतरणार कसली?

मग जळगावला थेरपी सुरू झाली. तिथली ताई हलक्या हातानं मालिश करायची, मऊ कापसाचा थर द्यायची आणि बोटांपासून वरपर्यंत पट्टी गुंडाळायची. ही सूज जन्माची सोबतीण आहे, तिला फक्त ताब्यात ठेवता येतं, असं तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं. पट्टी रोज बांधायची. जड उचलायचं नाही, हाताला चटका लागू द्यायचा नाही, चुलीपासून लांब राहायचं. बांधायला शिकली माझी सून, कल्पना. पहिल्या खेपेतच शिकली.

आणि इथूनच माझं बिनसलं. खरं सांगू? मला तिचा राग यायचा. माझ्याच स्वयंपाकघरात ती मला लहान पोरीसारखी अडवायची — तवा धरू नका, परात उचलू नका. बरोबरच होतं तिचं. म्हणून तर जास्त राग यायचा.

त्या वर्षीच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती दोन दिवसांसाठी धरणगावला माहेरी निघाली. आखाजीला आमच्याकडे कुठली लेक सासरी थांबते? निघायच्या आधी अर्धा तास खर्चून तिनं पट्टी बांधली, माझी बोटं दाबून बघितली, घट्ट होत नाही ना म्हणून दोनदा विचारलं, मी येईपर्यंत सोडू नका म्हणाली. पट्टी चांगली बसली होती. हे मला लिहून ठेवायचंच आहे — पट्टी अगदी चांगली बसली होती.

दुपारी माझी लेक आणि जावई येणार होते. आखाजीला आमच्याकडे मांडे लागतात. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना सांगते — पुरण भरलेला सैल कणकेचा गोळा दोन्ही हातांवर, पार कोपरापर्यंत झुलवत मोठा करायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर टाकायचा. गल्लीत माझ्यासारखे मांडे कुणाचे होत नसत. मुलगा दुकानात गेला होता. घरात मी एकटी होते. पट्टी बांधलेल्या हातानं मांडे होत नाहीत. मी पट्टी सोडली.

पाच झाले. सहावा टाकताना तो जड हात वेळेवर उचलला गेला नाही आणि मनगटाच्या वर खापराला चिकटला. कातडी लाल झाली, फोड आला. मी काय केलं असेल? फोडावरूनच पट्टी गुंडाळली, डाव्या हातानं, दात लावून, गाठोडं आवळावं तशी. मुलगा आणि लेक आल्यावर सांगितलं, मांडे करणारी बाई येऊन गेली. लेक जेवताना म्हणाली, "माय, ह्या मांडा तं बठ्ठा तुन्हा हातना मायकच लागतस." सगळे माझ्याच हातच्यासारखे लागतात म्हणे! मला हसू आलं. त्या घटकेला मी खूश होते, हेही सांगून टाकते.

तिसऱ्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला. हात लालभडक, तापलेला. धुळ्याला दवाखान्यात आठ दिवस सलाईन. पट्टी सोडली तेव्हा खाली सगळं सोलवटलेलं. डॉक्टरांनी विचारलं, एवढी घट्ट पट्टी कुणी बांधली होती?

मुलगा शेजारी उभा होता. कल्पना धरणगावहून पहिल्या गाडीनं निघून नुकतीच दारात पोचली होती, हातात पिशवी तशीच. मी म्हणाले, सुनेनं.

एकच शब्द. तापात होते का? होते. पण शुद्ध होती. मुलगा सगळ्यांदेखत तिला म्हणाला, "तुले माहेर दिसनं, मन्ही मायना हात नही दिसना." तिनं पिशवी खाली ठेवली आणि वाकून माझा हात बघितला. आणि मला — कसं लिहू — मला बरं वाटलं. स्वयंपाकघरातलं सगळं अडवणं तेवढ्यात वसूल झाल्यासारखं.

हात पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही. कातडी कडक झाली, बोटं नीट मिटत नाहीत. या गोष्टीला तीन आखाज्या होऊन गेल्या. कल्पना एकाही आखाजीला माहेरी गेली नाही. तिची आई फोन करते, ती काही तरी सांगून टाळते. मी जा म्हणते, पण कसं म्हणते ते मला माहीत आहे.

गेल्या महिन्यात आम्ही जळगावला गेलो होतो. थेरपीला एक नवीन बाई आली होती, तिच्याबरोबर तिची सून. ताईनं कल्पनाला सांगितलं, तुमचा हात बसलाय, त्यांना एकदा बांधून दाखवा. ती माझ्या हातावर बांधून दाखवायला लागली. बोटांशी आली तशी थांबली आणि त्या पोरीला हळूच म्हणाली, "घट्ट नका बांधा, ताई. मी एकदाव बांधी दिन्ही व्हती. मन्ही सासूना हात जाता जाता वाचना."

तिचे डोळे भरले होते. तिला ते खरंच वाटतं. इतकी वर्षं मला वाटत होतं, ती मनातून ओळखून असेल, मला शिव्या घालत असेल. ती मला नाही, स्वतःला दोष देत होती.

नवीन बाईच्या सुनेनं, खरं का, म्हणून माझ्याकडे पाहिलं. मी हात पुढे धरून बसले होते. मी मान हलवली — हो, हिनंच.